गोळ्या दिवसाआड घेऊन झालेली बचत

वाचकाचे पत्र, थोडक्यात:

आठ महिन्यांपूर्वी माझ्या वडिलांना पक्षाघाताचा झटका आला. त्यांचा रक्तदाब वाढलेला होता, हे आम्हाला रुग्णालयातच कळले. अकरा दिवसांनी ते घरी आले, पण उजवी बाजू अजून दुबळी आहे आणि बोलणे अडखळते. रुग्णालयाचे बिल आमच्या घराच्या सुमारे चौदा महिन्यांच्या उत्पन्नाएवढे झाले. होती ती शिल्लक संपली, काही रक्कम नातेवाइकांकडून हातउसनी घेतली आणि उरलेली सावकाराकडून दरमहा शेकडा तीन व्याजाने. आता दर महिन्याच्या उत्पन्नाचा सहावा हिस्सा औषधे, फिजिओथेरपी आणि तपासण्यांवर जातो, तर पाचवा हिस्सा नुसत्या व्याजावर. वडिलांच्या नावावर थोडी जमीन आहे, ती विकावी का? धाकटी बहीण शिक्षणाच्या शेवटच्या वर्षात आहे. शिक्षण सोडून वडिलांजवळ थांबायला ती तयार आहे. डॉक्टरांकडे खर्चाचा विषय काढायला संकोच वाटतो. शक्य तेवढी काटकसर करतो (आईने तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या काही महिन्यांपासून दिवसाआड घ्यायला सुरुवात केली आहे), तरी हातात काही उरत नाही. आमचे नियोजन कुठे चुकले? यापुढे असे होऊ नये म्हणून विमा घ्यावा का?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

आपण विचारलेल्या सगळ्या प्रश्नांकडे मी येणार आहे, पण सुरुवात आपण कंसात लिहिलेल्या वाक्यापासून करावी लागेल. आई रक्तदाबाच्या गोळ्या दिवसाआड घेतात, हे आपण काटकसरीचे उदाहरण म्हणून सांगितले आहे. ज्या आजाराकडे वेळेवर लक्ष न गेल्यामुळे वडिलांवर ही वेळ आली आणि ज्याचे व्याज आपण आज भरत आहात, तोच आजार आईंना आहे आणि त्याच्या औषधावर घर पैसे वाचवू पाहत आहे. हे शब्द कठोर आहेत, तरी ते मागे घेण्याची माझी तयारी नाही, कारण आपल्या साऱ्या पत्रात तातडीची म्हणावी अशी गोष्ट हीच आहे.

रक्तदाबाच्या बहुतेक गोळ्यांचा परिणाम साधारण एक दिवस टिकेल अशा बेताने त्यांची मात्रा ठरवलेली असते, त्यामुळे दिवसाआड घेतलेल्या गोळीने अर्धे संरक्षण मिळते असा हिशेब करता येत नाही. काही औषधे तर अशी असतात की ती अचानक तोडली तर रक्तदाब उसळी घेतो. उलट बाजूने पाहिले, तर २०१६ साली अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र करून झालेल्या मोठ्या विश्लेषणात असे दिसले होते की, वरचा रक्तदाब औषधांनी १० अंकांनी खाली आणला तर पक्षाघाताची शक्यता सुमारे २७ टक्क्यांनी कमी होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ सालच्या अंदाजानुसार ३० ते ७९ वयोगटातील सुमारे १२८ कोटी लोकांना उच्च रक्तदाब होता, त्यांपैकी दोन तृतीयांश लोक कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहत होते, आणि एकूण रुग्णांत ज्यांचा रक्तदाब खरोखर आटोक्यात आहे असा माणूस पाचांत एखादाच सापडत होता. आपल्या वडिलांना आजार असल्याचे ठाऊकच नव्हते. आईंना ते ठाऊक आहे आणि औषधही ठरलेले आहे, म्हणजे सर्वांत अवघड पायरी त्यांनी आधीच ओलांडली आहे. तेव्हा या आठवड्यातच त्यांचा रक्तदाब मोजून घ्या, गोळ्या चुकवल्या आहेत हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा आणि ते सांगतील त्या मात्रेने औषध रोज सुरू करा. चुकलेल्या दिवसांची भरपाई म्हणून दोन गोळ्या एकदम घेऊ नयेत.

आईंना याबद्दल दोष देऊ नका, आणि हे मी केवळ सौजन्य म्हणून सांगत नाही. घरावर आजारपणाचा बोजा पडला की पहिली कपात कोणत्या औषधात होते, हे घराच्या बैठकीत कधीच ठरत नाही. घरातली कुणी बाई मनातल्या मनात स्वतःचे औषध, स्वतःची तपासणी, स्वतःचे दुखणे पुढे ढकलते आणि कुणाला सांगतही नाही. आपल्याला निदान कळले तरी आहे. कितीतरी घरांत ते दुसरा झटका आल्यावरच कळते.

या गप्प कपातीची आणखी एक विचित्र बाजू आहे. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत अनेक वर्षे वापरला गेलेला एक निकष असा होता की, ज्या घराच्या एकूण खर्चातला किंवा उत्पन्नातला १० टक्क्यांहून अधिक भाग खिशातून केलेल्या उपचारखर्चावर जातो, त्या घरावर आपत्तीजनक बोजा आहे असे मानावे. जागतिक आरोग्य संघटना आणि जागतिक बँक यांच्या हिशेबाप्रमाणे २०१९ साली जगात सुमारे १०० कोटी लोक अशा घरांत राहत होते. आपला सहावा हिस्सा म्हणजे साडेसोळा टक्क्यांहून थोडा जास्त, तेव्हा आपलेही घर त्यांतलेच. पण हा निकष केवळ झालेला खर्च मोजतो. जी गोळी आईंनी घेतलीच नाही, तिचा खर्च झाला नाही, म्हणून तेवढ्यापुरते आपले घर कागदावर सुस्थितीत दिसते. सावकाराला दिलेले व्याजही उपचारखर्चात धरले जात नाही. पाहणी करणाऱ्याने ते वगळले तर समजू शकते, पण आपण आपल्या वहीत या दोन्ही गोष्टी वगळून चालणार नाही.

आता डॉक्टरांशी बोलण्याचा संकोच. खर्चाचा विषय काढणे म्हणजे वडिलांच्या जिवाची किंमत करणे, असे आपल्याला वाटत असावे. पत्रातल्या सुरावरून मी तसा तर्क करतो. माझ्या मते जे औषध रुग्णाला वर्षानुवर्षे विकत घेता येणार नाही, ते लिहून देणे हा अपुरा उपचार आहे, आणि घराची ऐपत डॉक्टरांना कळली नाही तर तो अपुरेपणा त्यांच्या लक्षात येण्याचा दुसरा मार्ग नाही. पुढच्या भेटीला जाताना घरातली सर्व औषधे, रिकाम्या पाकिटांसह, एका पिशवीत घालून न्या, सोबत रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड घ्या आणि सरळ सांगा की दरमहा एवढीच रक्कम आम्ही औषधांना देऊ शकतो, तिच्यात काय बसवता येईल ते ठरवून द्या. मग प्रत्येक औषधाबद्दल विचारा: हे कशासाठी आहे, किती दिवस घ्यायचे आहे, हेच औषध दुसऱ्या कंपनीचे स्वस्त मिळते का, आणि हे थांबवले तर नेमके काय बिघडेल. पक्षाघातानंतर रक्तदाबाचे औषध, बहुतेकांना कोलेस्टेरॉलचे औषध आणि झटका रक्ताच्या गुठळीमुळे आलेला असेल तर सहसा रक्त पातळ ठेवणारे औषध दीर्घकाळ घ्यावे लागते. ती आपल्या मनाने कमी करायची नसतात. पण घरी सोडताना लिहून दिलेल्या यादीत जीवनसत्त्वे, शक्तिवर्धके आणि काही दिवसांपुरती दिलेली औषधेही असतात, आणि ती कधी थांबवायची हे कुणी न सांगितल्यामुळे महिनोन्‌महिने विकत घेतली जातात. ही गळती मोठी असते, आणि ती बंद करण्याचा अधिकार डॉक्टरांचा असला तरी विचारण्याचे काम आपले आहे.

स्वस्त औषधांबद्दल मनात शंका असेल, तर ती पुरती निराधार नाही, पण तिचा रोख चुकीच्या जागी असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली असा अंदाज दिला होता की, कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत दहांपैकी सुमारे एक वैद्यकीय उत्पादन निकृष्ट किंवा बनावट असते. त्यात महागड्या नावाची नक्कलही येते आणि स्वस्त औषधही, त्यामुळे किंमत ही गुणवत्तेची खूण ठरत नाही. परवाना असलेले दुकान, छापील पावती, पाकिटावरचा बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख या गोष्टी त्यापेक्षा भरवशाच्या आहेत. सरकारी दवाखान्यात जी आवश्यक औषधे मोफत किंवा नाममात्र दरात मिळतात, त्यांत रक्तदाबाची औषधे बहुतेक देशांत असतातच. पुरवठा अधूनमधून तुटतो हे खरे, म्हणून तिथून घेताना घरात पंधरा दिवसांची शिल्लक राहील असे पाहावे.

फिजिओथेरपीबद्दल आपण स्वतंत्रपणे विचारलेले नाही, तरी एवढे सांगतो की, खर्च वाचवण्यासाठी थेरपिस्टला पूर्ण रजा देऊन सगळे व्यायाम घरच्यांनी करून घ्यावेत, हा मोह होतो आणि तो टाळावा. घरच्या माणसांना शिकवून पुनर्वसन करून घेण्याच्या पद्धतीची भारतातील १४ रुग्णालयांत मोठी चाचणी झाली होती. २०१७ साली तिचे निष्कर्ष आले, तेव्हा नेहमीच्या उपचारांपेक्षा त्या पद्धतीने रुग्णांना अधिक लाभ झाल्याचे दिसले नाही. मध्यम मार्ग असा की, भेटींमधले अंतर वाढवता येईल का हे थेरपिस्टलाच विचारावे आणि मधल्या दिवसांचे व्यायाम त्यांच्याकडून लिहून घ्यावेत. तपासण्या आणि डॉक्टरांची भेट शक्यतो एकाच दिवशी ठेवा, म्हणजे प्रवासाचा खर्च आणि आपला बुडणारा रोजगार दोन्ही वाचतील. या आडखर्चाला कमी लेखू नका. क्षयरोगाची औषधे बहुतेक देशांत मोफत मिळतात, तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहण्यांत क्षयरुग्णांच्या जवळपास निम्म्या कुटुंबांचा एकूण खर्च वार्षिक उत्पन्नाच्या २० टक्क्यांपलीकडे गेलेला आढळला आहे, आणि त्यात प्रवास, आहार आणि बुडालेली मजुरी यांचा वाटा मोठा आहे.

आता कर्ज आणि जमीन. दरमहा शेकडा तीन म्हणजे सरळ व्याजाने वर्षाला ३६ टक्के, आणि थकलेले व्याज मुद्दलात मिळवले जात असेल तर ४२ टक्क्यांहून अधिक. आपण उत्पन्नाचा पाचवा हिस्सा व्याजाला देता, त्यावरून सावकाराचे मुद्दल साधारण साडेसहा ते पावणेसात महिन्यांच्या उत्पन्नाएवढे असावे. आज जसे भरता तसेच भरत राहिलात, तर पावणेतीन वर्षांच्या सुमारास व्याजापोटी मुद्दलाएवढी रक्कम दिलेली असेल आणि मुद्दल मात्र जागचे हललेले नसेल. म्हणून आपला प्रश्न ‘जमीन विकावी की कर्ज फेडत राहावे’ असा मांडता येत नाही, कारण सध्या आपण कर्ज फेडतच नाही आहात, ते केवळ जिवंत ठेवत आहात. अशा अडचणीत सापडलेले आपण एकटेच नाही. ४० कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतील पाहणीवर आधारलेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे २६ टक्के कुटुंबांनी उपचारांसाठी कर्ज काढल्याचे किंवा घरातले काहीतरी विकल्याचे आढळले होते.

तरी लगेच विकायला निघू नका. गरजेपायी आणि घाईत विकलेल्या जमिनीला योग्य भाव मिळत नाही, हे घेणाऱ्याला आपल्याहून आधी कळते. पहिला प्रयत्न कर्जाची जागा बदलण्याचा करावा: बँक किंवा नोंदणीकृत सहकारी पतसंस्था या जमिनीच्या तारणावर कमी दराने कर्ज देते का, ते पाहावे आणि त्या पैशातून सावकाराचे मुद्दल एकरकमी फेडून पावती व सही केलेले सर्व कागद परत घ्यावेत. नवीन कर्जाचा हप्ता आज व्याजाला जाणाऱ्या रकमेएवढाच राहिला तरी त्यातून मुद्दल कमी होत जाईल, आणि हाच मोठा फरक आहे. हे जमले नाही, तर जमीन ठरावीक मुदतीने कसायला देऊन एकरकमी मोबदला मिळतो का, हे पाहावे; तेही नाही जमले तर तिचा काही भाग विकावा. तिसऱ्या पायरीपर्यंत आलात, तर मात्र भावनेपोटी थांबू नका, कारण कोणतीही जमीन आपल्या किमतीच्या ३६ टक्के उत्पन्न दरवर्षी देत असेल हे संभवत नाही. अपवाद एकच: घराचे रोजचे पोट त्याच जमिनीवर अवलंबून असेल, तर ती पूर्ण विकल्याने कर्ज मिटेल आणि उत्पन्नही जाईल. तशी स्थिती असल्यास भाग विकण्यापलीकडे जाऊ नये. हातउसने दिलेल्या नातेवाइकांचे पैसे सर्वांत शेवटी फेडावेत, पण ते कधीपासून आणि किती किती देणार हे त्यांना आजच सांगून टाकावे. बिनव्याजी कर्जात नाती बिघडतात ती उशिरापेक्षा मौनामुळे.

जमीन वडिलांच्या नावावर आहे, हे विसरू नका. त्यांचे बोलणे अडखळते म्हणजे समजणेही गेले, असे नसते. पक्षाघातानंतर कित्येकांना शब्द सापडत नाहीत, पण सांगितलेले सगळे कळते. तारण असो वा विक्री, त्यांना सावकाश, एका वेळी एक मुद्दा घेऊन समजावून सांगा आणि होकार किंवा नकार खुणेने देण्याची सोय ठेवा. त्यांना व्यवहार समजतो की नाही याबद्दल शंका असेल, तर डॉक्टरांचे लेखी मत आणि वकिलाचा सल्ला घेतल्याशिवाय कोणत्याही कागदावर त्यांचा अंगठा किंवा सही घेऊ नका. तो व्यवहार पुढे रद्द ठरू शकतो, आणि न ठरला तरी त्यांच्याशी तसे वागणे योग्य नाही.

रुग्णालयाचे बिल चुकते झाले असले, तरी तपशीलवार बिल मागून घ्या आणि डिस्चार्ज कार्डाशी ताडून पाहा. एखादी तपासणी दोनदा लागलेली असते, न वापरलेले साहित्य बिलात आलेले असते. आठ महिन्यांनंतर पैसे परत मिळण्याची आशा थोडीच, पण अर्ज द्यायला हरकत नाही. सरकारी योजनांचा लाभ मात्र बहुतेक ठिकाणी दाखल होतानाच नोंदवावा लागतो, म्हणून आपल्या भागात कोणती योजना कुणाला आणि कोणत्या रुग्णालयात लागू होते, हे आजारपण नसताना माहीत करून घेऊन कागदपत्रे एकत्र ठेवावीत.

नियोजन कुठे चुकले, असे आपण विचारता. चौदा महिन्यांचे उत्पन्न आजारपणासाठी बाजूला काढून ठेवणे कोणत्याही सामान्य कुटुंबाला जमण्यासारखे नाही, आणि ते जमावे अशी अपेक्षा करणे ही धोरणाची चूक आहे, घराची नव्हे. या धोरणाला इतिहास आहे. १९८७ साली जागतिक बँकेने विकसनशील देशांनी सरकारी दवाखान्यांत रुग्णांकडून शुल्क घ्यावे अशी शिफारस केली, आणि त्याच वर्षी आफ्रिकी आरोग्यमंत्र्यांच्या माली देशातील बामाको येथील बैठकीतून औषधांच्या विक्रीवर दवाखाने चालवण्याचा विचार पुढे आला. कर्जात बुडालेल्या सरकारांना तो सोयीचा होता. पुढे अनेक देशांनी पाऊल मागे घेतले, पण नुसते शुल्क काढल्याने काम भागत नाही, हेही दिसले. युगांडाने २००१ साली सरकारी दवाखान्यांतले शुल्क रद्द केले तेव्हा गरिबांचे तिथे येणे वाढले. तरीही अतिगरिबांवरचा आपत्तीजनक खर्चाचा बोजा उतरला नाही, कारण दवाखान्यात औषधे नसत आणि ती बाहेरून विकत घ्यावी लागत. थायलंडने २००२ साली कराच्या पैशातून सर्वांना संरक्षण देणारी योजना देशभर लागू केली, रुग्णाकडून प्रत्येक भेटीला फक्त ३० बाथ घेतले, आणि देशाच्या एकूण आरोग्यखर्चात खिशातून होणाऱ्या खर्चाचा वाटा, जो तेव्हा सुमारे एक तृतीयांश होता, तो पुढच्या काळात १५ टक्क्यांच्या खाली आला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली म्हटले होते की, हा वाटा १५ ते २० टक्क्यांपर्यंत खाली आला की उपचारांमुळे घरे बुडण्याचे प्रमाण नगण्य होते. ही माहिती आपल्या आजच्या व्याजाला उपयोगी नाही, हे मला कळते; पण रात्री जागून स्वतःच्या चुका शोधत बसण्यापासून ती आपल्याला परावृत्त करील, एवढी आशा आहे.

विमा घ्यावा का? वडिलांसाठी आता नवीन खाजगी विमा मिळणे अवघड जाईल, आणि मिळाला तरी आधीपासूनच्या आजारांना प्रतीक्षा कालावधी लागेल किंवा ते वगळलेलेच असतील. आईंच्या अर्जात रक्तदाब लपवू नका. लपवलेला आजार दाव्याच्या वेळी उघड होतो आणि भरलेले हप्ते वाया जातात. आपल्या स्वतःसाठी आणि बहिणीसाठी विमा जरूर घ्यावा, कारण आता घराचा भार आपल्यावर आहे. मात्र त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवायची ते नीट पाहा. बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरचा खर्च देतात, दरमहाच्या औषधांचा देत नाहीत. आणि आपला सहावा हिस्सा तर दरमहाच्या औषधे, फिजिओथेरपी आणि तपासण्यांनीच खाल्ला आहे. चीनमधील विमायोजनांचा अभ्यास करून ॲडम वॅगस्टाफ आणि मॅग्नस लिंडेलो या अर्थतज्ज्ञांनी २००८ साली असे दाखवले होते की, विमा असलेल्या लोकांवर मोठ्या खर्चाचा धोका काही वेळा वाढतो, कारण विमा आहे म्हणून ते अधिक महागड्या रुग्णालयांत जातात, अधिक तपासण्या होतात आणि विम्याबाहेरचा वाटा खिशातून द्यावा लागतो. म्हणून पॉलिसी घेण्याआधी खोलीच्या भाड्यावर मर्यादा आहे का, प्रत्येक दाव्यात आपला वाटा किती, आणि जवळचे कोणते रुग्णालय रोख न भरता दाखल करून घेते, ही तीन उत्तरे लेखी घ्या. विमा घेतला तरी महिन्याच्या औषधांसाठी वेगळी रक्कम बाजूला काढावीच लागेल, आणि त्या रकमेत आईंच्या गोळ्यांचे नाव पहिले लिहावे.

राहिला बहिणीच्या शिक्षणाचा प्रश्न, आणि त्याचे माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. सेवेसाठी माणूस ठेवण्याचा खर्च दिसतो आणि तिने घरी बसण्याचा खर्च दिसत नाही, एवढ्याच कारणाने तिचा पर्याय आपल्याला स्वस्त वाटतो. शेवटचे वर्ष अर्धवट सोडलेल्या मुलीला पुन्हा सुरुवात करणे किती जड जाते, हे आपणही जाणता, आणि दोन वर्षांनी घरात दुसरे उत्पन्न येण्याची जी शक्यता आहे ती तिच्याच शिक्षणात आहे. तिने पुढाकार घेतला म्हणून तो तिचा मुक्त निर्णय ठरत नाही. आईंनीही गोळ्या आपणहूनच कमी केल्या होत्या. वडिलांजवळ थांबण्याचे तास आपण, आई, बहीण आणि जवळपासचा एखादा नातेवाईक यांच्यात वाटून कागदावर लिहा, आपल्या कामाच्या वेळांत काही बदल करता येतो का ते मालकाशी बोलून पाहा, आणि तरीही दिवसाचे जे तीन-चार तास उरतील तेवढ्यापुरती मोबदला देऊन मदत घ्या. कर्जाची जागा बदलली आणि औषधांची यादी आटोपशीर झाली, तर या मदतीपुरता पैसा त्यातून निघण्यासारखा आहे. तोवर तिच्या परीक्षेचा अर्ज भरायचा राहिला असेल, तर तो मुदतीत भरून टाका.

आपला,
सदरलेखक